गेलेल्या माणसाचं बारीकसारीक : तुमच्याकडे काय राहिलंय?

आजी जाऊन दोन वर्षं होत आली. परवा कपाट आवरताना तिच्या श्रवणयंत्राच्या सेलची डबी सापडली. या सेलना एक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत शिरते आणि सेल सुरू होतो. मग वापरा किंवा वापरू नका, तो उतरत जातो. आजी रात्री यंत्र काढलं की सेलवर पट्टी परत चिकटवायची. "अगं, त्याने फारसं काही वाचत नाही" असं मी निदान शंभरदा सांगितलं असेल. "असू दे, झोपू दे त्यालाही." डबीतल्या एका सेलवर पट्टी तशीच होती, जरा वाकडी, तिच्या थरथरत्या बोटांनी लावलेली. बाकीचे टाकले, तो ठेवलाय.

यंत्र कानात नीट बसलं नाही की शिट्टी वाजायची. ती सगळ्या घराला ऐकू यायची, तिला सोडून.

माणूस किती थोर होता ते भेटायला आलेले सांगून जातात. मला बारीकसारीक ऐकायचंय. वैताग आणणारंही चालेल. लिहा.

*

आजोबांची फोन नंबरांची वही. नावांची मांडणी त्यांची स्वतःची. प्लंबर 'न'खाली, कारण नळवाला. माझे बाबा 'म'खाली, कारण मुलगा. माझं नाव कुठेच सापडेना, 'न'खाली नातू म्हणूनही नाही. शेवटी मागच्या पुठ्ठ्यावर दिसलं. तीन जुने नंबर खोडलेले, चौथा ठळक, आणि शेजारी 'रविवारी दुपारनंतर'. मी कधीतरी सहज म्हणालो होतो, रविवारी दुपारनंतर मोकळा असतो म्हणून.

किती रविवारी फोन उचलला नाही, ते आता मोजत नाही.

*

आत्या गेल्यावर तिचा फोन बंद करून ठेवला होता. चारेक महिन्यांनी घरच्या ग्रुपवर एक ओळ उमटली : आत्याने ग्रुप सोडला. आम्ही वापरतो त्या ॲपमध्ये १२० दिवस खातं वापरलं नाही की ते आपोआप काढलं जातं, हे नंतर कळलं. त्या क्षणी मात्र सगळे गप्प. मग धाकट्या काकांनी लिहिलं, "न सांगता गेली. तिची सवयच ती." तासभर हसत होतो आणि रडत होतो.

कुणाचे मेसेज जपायचे असतील तर आधीच दुसरीकडे उतरवून घ्या. सिमकार्डचंही तसंच. नंबर बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्या कुणाला मिळतो. सवयीने फोन लावाल आणि भलतंच कुणी "हॅलो" म्हणेल.

*

आमच्याकडे एक कॅसेट होती. ज्यांच्याकडे अशी असेल त्यांना कळकळीची विनंती : सापडल्या सापडल्या घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये घालू नका. त्याचा रबरी पट्टा सैल पडलेला असतो, फीत गुंतते आणि चुरगळते. आमची पहिली दोन मिनिटं अशीच गेली. उरलेली जाणकाराकडून संगणकावर उतरवून घेतली.

त्यात आजोबांची फक्त तीन वाक्यं आहेत. "चालू झालं का हे? लाल दिवा लागलाय का? नाही, मग काय बोलू." बस. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज भारदस्त होता. कॅसेटमधला बारीक आहे, किंचित घाबरलेला. आता तो भारदस्त आवाज आठवायला गेलं तरी येत नाही. ऐकून चूक केली का, कोण जाणे.

*

मी जरा वेगळं लिहिते. माझ्या आजीवर माझं प्रेम होतं आणि शेवटची सहा वर्षं तिचं सगळं मीच केलं. शेवटी ती मला ओळखत नव्हती, "बाई, घरी सोडा मला" म्हणायची, आणि ते घर तर तिचंच होतं. ती गेली त्या रात्री मी सलग नऊ तास झोपले. त्या झोपेची लाज बरेच दिवस वाटत राहिली. इथे कुणी तसंच झोपलं असेल तर सांगा.

*

मी झोपलो होतो. वडिलांच्या वेळी. फोनही बंद ठेवला होता.

*

मला काकांच्या काठीची टकटक ऐकू यायची, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. तिथे ते दम घ्यायचे. भ्रम होतो म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी १९७१ सालचा एक अभ्यास सांगितला. वेल्समध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून केलेला. जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटलं होतं, काहींना दिसलं, काहींना ऐकू आलं. बहुतेकांनी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं नातं निराळं, पण हायसं वाटलं. नंतर टकटक हळूहळू थांबली. चौथ्या पायरीवर मी मात्र अजून थांबते.

*

मावशीच्या पर्समधून सात किल्ल्या निघाल्या. घरातलं प्रत्येक कुलूप, कपाट, ट्रंक, सायकल, सगळं करून पाहिलं. एकही लागत नाही. एकीला लाल दोरा बांधलाय, म्हणजे ती महत्त्वाची असणार. पुढच्या आठवड्यात माळा काढतोय. लागली तर कळवते.