कानातली शीळ आणि कानांची राखण : आपले अनुभव लिहावेत

गेली 6 वर्षे माझ्या उजव्या कानात एक बारीक शीळ अखंड वाजते आहे. डॉक्टर तिला कर्णनाद म्हणतात. बाहेर कोठेही नसलेला आवाज आपल्याला ऐकू येतो हे सांगणेच अवघड वाटल्यामुळे पहिले काही महिने मी घरीही बोललो नव्हतो. गणपती जवळ आले आहेत. म्हणून ज्यांना हा त्रास आहे किंवा ज्यांचे आयुष्य गोंगाटात गेले आहे, त्यांनी काय घडले आणि कशाने निभावले ते लिहावे, ही विनंती.

ताशावादक, पुणे

मी पथकात 8 वर्षे ताशा वाजवला. सराव संपला की कानांत दडे बसत आणि रातकिडे ओरडू लागत, पण सकाळपर्यंत सारे पूर्ववत होत असल्यामुळे आम्ही कोणीच ते मनावर घेत नसू. कान इजा सोसत असल्याची तीच खूण होती, हे फार उशिरा कळले. आठव्या वर्षी विसर्जन मिरवणुकीनंतर ते रातकिडे गेलेच नाहीत. श्रवणतपासणीच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खोल खाच दिसली, म्हणजे त्या उंच स्वराचे ऐकणे घटले होते. गोंगाटाने झालेली हानी बहुधा तेथेच आधी उमटते आणि आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत, असे तपासणाऱ्या ताईंनी समजावले. 85 डेसिबलच्या आवाजात 8 तास ही मर्यादा धरली, तर पुढच्या दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटे उरतात. आमचा सराव रोज 2 तास चाले.

आम्ही कापूस घालत असू, पण त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा खोटा धीर देतो. आता नव्या मुलांच्या हाती काड्या देण्याआधी मी हे शिकवतो.

विणकराची मुलगी, इचलकरंजी

माझ्या वडिलांनी 30 वर्षे यंत्रमाग चालवले. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणेही कळत नसे, त्यामुळे कामगार ओठांकडे पाहून आणि हातवारे करून बोलत. घरीही ते ओरडूनच बोलत आणि आम्ही भावंडे त्यांना तापट समजत राहिलो, याचे आज फार वाईट वाटते. निवृत्तीनंतर ते म्हणत, "माग थांबला, पण धोटा अजून कानात पळतोच आहे." श्रवणयंत्र आम्ही घेतले ते त्यांना ऐकू यावे म्हणून, परंतु बाहेरचे आवाज पुन्हा पोहोचू लागले तसा आतला खडखडाटही मागे पडला आणि ते नातवंडांशी हळू आवाजात बोलू लागले.

गृहिणी, ठाणे

माझा डावा कान एका सकाळी अचानक बंद झाला आणि त्यात गुणगुण सुरू झाली. मळ असेल असे समजून मी 9 दिवस तेल घालत बसले. अशा वेळी पहिल्या 2-3 दिवसांतच कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवे, कारण स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका कान वाचण्याचा संभव अधिक. माझे ऐकणे अर्धेच परतले. शीळ एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, तर तपासणी मुळीच टाळू नये.

धागाकर्ता

ताई, आपण लिहिलेत ते बरे झाले. माझ्याकडून उलटी चूक झाली होती. शीळ वाढेल या भीतीने मी दिवसभर बोळे घालून बसे, त्यामुळे भांड्यांचा आवाजही सोसेनासा झाला आणि शांततेत शीळ अधिकच ठळक झाली. ती पूर्ण घालवणारे औषध नाही हे स्वीकारल्यावर मी समुपदेशन घेतले, आणि रात्री पावसाचा ध्वनी शिळेपेक्षा किंचित लहान ठेवून लावू लागलो. शीळ आहे तेवढीच आहे, पण आता झोप लागते.

पुण्याच्या वादकांना एक विचारायचे आहे : वादकांसाठी फिल्टर असलेले बोळे मिळतात, ते घालून ताशाचा ठेका स्वच्छ कळतो का? माझा पुतण्या यंदा प्रथमच सरावाला उभा राहतो आहे.