मदत हवी आहे: नवऱ्याच्या आयरिश पणजीचं माहेरचं आडनाव

सायली_के: 1901च्या जनगणनेत पणजी ब्रिजेट सलिव्हन, पणजोबाही सलिव्हन. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही आई 'ब्रिजेट सलिव्हन'च! पाद्र्याने चुकून सासरचं नाव लिहिलंय. खरं आडनाव कुठे मिळेल? दोन दिवस यातच गेले, प्लीज लवकर सांगा.

रानवारा: काउंटी कुठली? कॅथलिक की प्रोटेस्टंट? मुलाचा जन्म कधीचा?

सायली_के: केरी. कॅथलिकच, अजून काय? 1889.

दप्तरदार: मुलांची नावं क्रमाने लावा. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या. या रीतीवरून माहेर सापडतंच.

रानवारा: त्यातून पहिलं नाव कळेल, आडनाव कसं कळणार? शिवाय मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला देत, त्यामुळे क्रम बिघडतो. आणि सायली, ती चूक नाहीच. कॅथलिक बाप्तिस्म्यात आईचं माहेरचंच आडनाव लिहितात. केरीत सलिव्हन इतके आहेत की सलिव्हनच्या घरातली मुलगी सलिव्हनच्याच घरात जाणं नेहमीचं.

मेघदूत७: गेलिकमध्ये, म्हणजे मूळ आयरिश भाषेत, हे आडनावातच दिसतं. सलिव्हन पुरुष 'ओ सूलेवान', तर त्यांची लेक 'नी' लावते आणि सून 'ई'. दोन्हीत पुढच्या 'स'चा उच्चार 'ह' होतो. 'मॅक'ने सुरू होणाऱ्या आडनावांत लेक 'निक', सून 'विक'.

सायली_के: छान, पण माझ्या नोंदी इंग्रजीत आहेत हो.

पुणेकरीण: भारतीय पासपोर्टवर लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

रानवारा: ताई, तो विषय वेगळा. सायली, आयरिश जिनिऑलॉजीच्या (वंशावळीच्या) सरकारी साइटवर मुलाच्या सरकारी जन्मनोंदीचं मूळ पान फुकट बघा. आईच्या रकान्यात 'सलिव्हन, पूर्वीची सलिव्हन' असेल तर प्रश्न मिटला. मग 1911ची जनगणना काढा, त्यात लग्नाला किती वर्षं झाली ते लिहिलेलं असतं. त्यावरून लग्नाची नोंद शोधा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत लागे, म्हणून नवऱ्याच्या गावात अडकू नका. त्या नोंदीत दोघांचे वडील मिळतात, आया नाही. आईसाठी ब्रिजेटचा स्वतःचा बाप्तिस्मा लागेल. तिथे ती लॅटिनमध्ये 'ब्रिजिडा' असू शकते, एरवी बिडी किंवा डीलिया.

दप्तरदार: जनगणनेतल्या वयावरून जन्मसाल काढू नका. 1909पासून सत्तरीला पेन्शन सुरू झालं, त्यामुळे 1911त बरेच जण दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठे झालेले दिसतात.

सायली_के: जन्मनोंद मिळाली. 'पूर्वीची सलिव्हन' आहे! लग्नही सापडलं, 1887. पण त्या पॅरिशमध्ये त्या वयाच्या तीन ब्रिजेट सलिव्हन आहेत.

रानवारा: लग्नाच्या नोंदीत वधूचं राहण्याचं ठिकाण असतं. ते टाउनलँड, म्हणजे आपली वाडी समजा, आणि वडिलांचं नाव तिन्ही बाप्तिस्म्यांशी ताडा. तरी दोघी उरल्या तर बाप्तिस्म्यातले धर्ममातापिता आणि लग्नाचे साक्षीदार बघा, ते बहुतेक नात्यातलेच असत.