भुसावळच्या अर्बन फँटसी मालिकेचं प्रीक्वेल १८९९ सालात: २७ मिनिटांचा नियम चालेल का?

फलाट_पाच

सात भाग झालेल्या अर्बन फँटसी मालिकेचं आठवं पुस्तक प्रीक्वेल म्हणून, म्हणजे पहिल्या भागाच्याही आधीच्या काळातलं, लिहायला घेतलंय. मालिका आजच्या भुसावळ-जळगाव-धुळे पट्ट्यात घडते. प्रीक्वेलचा काळ १८९९-१९००, म्हणजे छप्पन्न्याचा दुष्काळ आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं भुसावळ. मुख्य पात्र नायिकेची पणजी, तेव्हा १६ वर्षांची. नायिकेचा जन्म १९९४ चा.

नियम पहिल्या भागापासून एकच. भुसावळात घड्याळात बारा वाजतात, पण सूर्य माथ्यावर यायला अजून २७ मिनिटं असतात. तेवढा वेळ यार्डाखालची फट उघडी राहते. आत गेलेला माणूस परत येतो, पण एक आठवण तिथेच ठेवून. तिसऱ्या भागात आजोबा सांगतात, "माझ्या आईनं फट बुजवली होती." मग ती पुन्हा का उघडली, हे सातही भागांत कुठे आलेलं नाही.

विचारायचंय ते असं. २७ चा आकडा १८९९ मध्येही तोच राहील का? पणजी जगली आणि फट बुजली हे वाचकाला आधीच ठाऊक आहे, मग उत्कंठा कशावर उभी करायची? आणि भाषा, पैसा, गावं यांत नेमकं कुठे घसरायला होतं? नवा वाचक इथूनच सुरुवात करू शकेल का, हेही सांगा.

शंकूछाया

२७ चालणार नाही, आणि ही तुमच्यासाठी फार चांगली बातमी आहे.

आजची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. भुसावळ साधारण ७५.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून फरक २७ मिनिटांचा. पण ही प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी रेल्वे आणि तारखातं मद्रास वेळ पाळायचं, जी ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे होती. भुसावळची स्थानिक वेळ ५ तास ३ मिनिटं पुढे. म्हणजे १८९९ मध्ये फट फक्त १८ मिनिटांची. घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं धरलं तर बरोबर ४५ पळं होतात. पणजीच्या तोंडी "पाऊण घटका" घाला, मिनिटांचा उल्लेखही लागणार नाही. शिवाय मुंबईहून आलेल्या उतारूच्या खिशात मुंबई वेळेचं घड्याळ असेल. ते भुसावळच्या सूर्याच्याही १२ मिनिटं मागे असतं. एकाच फलाटावर तीन वेगवेगळ्या वेळा: मद्रासची, मुंबईची आणि सूर्याची.

गाव बदललं की आकडाही बदलतो. आजच्या हिशेबानं जळगावला २८, धुळ्याला ३१, नंदुरबारला ३३ मिनिटं. धुळ्याच्या प्रसंगांत २७ छापलं असेल तर तपासा. धुळ्याला गाडी आली ती १९०० मध्ये, चाळीसगावहून. फट रुळामुळे पडते असं धरलं तर त्याआधी धुळ्यात ती असूच शकत नाही. तारायंत्राच्या तारेमुळे पडते असं धरलं तर असू शकते. हे आधी ठरवा, कारण त्यावर निम्मं कथानक ठरेल.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. वरचे आकडे सरासरी सूर्याचे आहेत, म्हणजे वर्षभर रोज ठरल्या वेळी माथ्यावर येणाऱ्या कल्पित सूर्याचे. खरा सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं आधी माथ्यावर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा. म्हणजे १८९९ मध्ये फेब्रुवारीत फट ३२ मिनिटांची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेमतेम दोन मिनिटांची. त्या वर्षी दिवाळीची अमावस्या २-३ नोव्हेंबरलाच येते. बुजवायची तर तेव्हाच.

मुलीला हे कळतं कसं, तेही लिहिता येईल. अंगणात ओळंब्यानं सरळ उभी केलेली काठी, तिच्याभोवती दोरीनं काढलेलं वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळावर येतं तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकतं तिथे दुसरी. दोन खुणांच्या मधला बिंदू आणि काठी जोडली की दक्षिणोत्तर रेषा मिळते. सावली त्या रेषेवर आली की खरी दुपार. अंगण सारवून सपाट नसेल तर रेषा चुकते, आणि काठी आखूड असेल तर मिनिटाचा फरक दिसत नाही. माणसाच्या उंचीची घ्या.

ही विद्या तिला दिली कोणी, यासाठी चाळीसगावजवळचं पाटण आहेच. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचा शिलालेख तिथला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. खानदेशच्या मातीतला इतका अस्सल धागा असताना बाहेरून जादूगार आणायची गरज नाही.

वही_आणि_पेन्सिल

उत्कंठेबद्दल. वाचकाला "काय झालं" ठाऊक आहे, तेव्हा त्यावर एक पानही खर्च करू नका. आजोबांचं ते वाक्य पहिल्याच प्रकरणात येऊ द्या. पुस्तकाचा प्रश्न असा हवा: तिनं नीट बुजवली होती, तर उघडली कशी? आणि तिची कोणती आठवण गेली? दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे, कारण ज्याची आठवण गेली तो माणूस पुढच्या सात भागांत कुठेच नसतो आणि त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. तो मेला की नाही हे वाचकालाही ठाऊक नाही. जीव टांगणीला लावायचा तर त्याच्यासाठी. पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशात तो ठसठशीत यायला हवा, भाऊ असो, मैत्रीण असो की सांधेवाला.

विसंगती टाळायची तर लिहिण्याआधी सातही भाग पेन्सिल घेऊन वाचा आणि वहीत रकाने पाडा: तपशील, भाग, पान, आणि कोण सांगतंय. चौथा रकाना सोडू नका. निवेदकानं सांगितलेलं बदलता येत नाही. पात्रानं सांगितलेलं मात्र ऐकीव असू शकतं, आणि आजोबांनी सांगितलेलं तर घरात तीनदा फिरून आलेलं असतं. प्रीक्वेलला जागा मिळते ती या ऐकीव नोंदींमध्ये. मात्र अशी नोंद खोटी ठरवायची तर फार तर एक-दोन. सगळ्याच खोट्या निघाल्या तर वाचकाला जुनी पुस्तकं फसवी वाटू लागतात.

वयाचा हिशेबही मांडा. पणजी १८८३ ची, नायिका १९९४ ची. १११ वर्षांत तीनच पिढ्या, म्हणजे सरासरी ३७ वर्षं. त्या काळात पहिलं मूल विशीच्या आत व्हायचं, म्हणून हे खटकेल. "पणजी" सात भागांत छापून गेलंय, तेव्हा शेंडेफळांची साखळी धरा: आजोबा १९२२ चे, वडील १९५९ चे, मग नायिका. पणजीला आजोबा ३९ व्या वर्षी झाले. मग आधीची मुलं कुठे गेली, हा प्रश्न उभा राहतो. तो टाळू नका, त्यात एक अख्खं प्रकरण आहे.

नियम समजावून सांगायचा मोह मात्र आवरा. मालिकेच्या प्रीक्वेलमध्ये हमखास बिघडतं ते इथेच: फट का आहे, कोणी केली, तिचं मूळ काय. सात भाग जिनं भीती दिली तिचा एका परिच्छेदात खुलासा झाला की पहिलं पुस्तकही फिकं पडतं.

पांझराकाठ

काळाचं सांगतो, भाऊ.

१८९९ मध्ये पूर्व खानदेश-पश्चिम खानदेश लिहू नका. ती फाळणी १९०६ ची. त्याआधी सगळा एकच खानदेश जिल्हा, कलेक्टर धुळ्याला. जळगाव जिल्ह्याचं ठाणं नंतर झालं, कापसाची पेठ मात्र तेव्हाही होती. मुक्ताईनगर तेव्हाचं एदलाबाद. तापीवर हतनूर धरण नाही, म्हणजे पावसाळ्यात नदी आजच्यापेक्षा वेगळीच वागते आणि उन्हाळ्यात पात्रातून चालत पलीकडे जाता येतं. पाचोरा-जामनेरची छोटी गाडीही नाही, ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आली. रावेर-यावलकडे आज दिसतो तसा केळीचा पसारा दाखवू नका. कापूस आणि ज्वारी दाखवा, आणि त्या वर्षी तर तीही करपलेली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं भुसावळपर्यंत आलेली दाखवता येतील.

पैसा: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. दशमान नाणी १९५७ नंतरची, म्हणून "दहा पैसे दिले" चालणार नाही, अडीच आणे म्हणा. वजन शेर-मणात, अंतर कोसात किंवा मैलात.

भाषेत सर्वांत जास्त घसरतं. खानदेश म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी अहिराणी घालतात. "कथा जाई राहिना?" हे धुळे, अमळनेर, नंदुरबारकडे शोभतं. भुसावळ, यावल, रावेरच्या शेतकरी घरात लेवा बोली, आणि रेल्वे वसाहतीत हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. पणजी भुसावळची असेल तर बहिणाबाई चौधरी तिच्याहून तीनच वर्षांनी मोठ्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्या वयाच्या बाईचा शब्दसाठा आणि लय त्यांच्या ओव्यांतून कानात मुरवा, पण ओळी उचलू नका. अहिराणी बोलणारं एक पात्र धुळ्याहून आणलंत तर दोन बोलींचा फरक आपोआप ऐकू येईल.

फलाट_पाच

सर्वांचे मनापासून आभार. शंकूछाया, आकडा १८ केला तर जुने वाचक विसंगती म्हणणार नाहीत का? आणि १९०६ चा बदल पुस्तकात आणावा का?

शंकूछाया

आणाच. फट पुन्हा का उघडली याचं उत्तर तोच बदल आहे. मद्रास वेळेवरून प्रमाणवेळेवर जाताना घड्याळ पावणेनऊ मिनिटं पुढे सरकलं, ढोबळ ९ धरा. पणजीनं जी बुजवली ती जुन्या घड्याळाची फट. नवी ९ मिनिटं आली ती अलीकडच्या बाजूला: आजच्या घड्याळात १२ ते १२:०९. तिथे तिचा बांध नाहीच. तिनं काम चोख केलं, नंतर वेळच बदलली.

यासाठी दोन गोष्टी तपासा. सात भागांत कोणी १२:०९ नंतर आत गेलं आहे का? गेलं असेल तर बांध पूर्ण नव्हता असं धरावं लागेल, मग दिवाळीच्या त्या दोन मिनिटांत नेमकं काय राहून गेलं ते दाखवा. दुसरं, फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरच्या प्रसंगात "बरोबर २७" छापलंय का? छापलं असेल तर खऱ्या सूर्याचा नियम सोडा आणि सरासरीवर राहा. मग दिवाळीचा उपाय हातचा जातो, पण ९ मिनिटांचा टिकतो, कारण ती प्रत्येक ऋतूत तेवढीच असतात.

बदलाची रात्र शेवटच्या छोट्या प्रकरणात घ्या. पणजी तेव्हा २२-२३ वर्षांची. स्टेशनावरचा माणूस काटा पुढे करतो आणि ती बघते, एवढंच. हिशेब तिला करू देऊ नका, वाचक करेल.

वही_आणि_पेन्सिल

म्हणूनच नव्या वाचकानं इथून सुरू करू नये. २७ आधी ठाऊक असेल तरच १८ चा धक्का बसतो. मलपृष्ठावर "किमान तिसऱ्या भागानंतर वाचावे" असं स्पष्ट छापा, आणि पुस्तकाच्या कण्यावर १ च्या आधीचा आकडा न टाकता ८ च टाका. पुस्तकविक्रेते क्रमांक बघूनच मांडतात.