होम थिएटरवर ख्याल पोकळ वाटतो, काय करावं?

कोथरूडकर: ५.१ सेट (पाच स्पीकर अन् खर्जाचा एक सबवूफर) आहे, पिक्चरला दणका मस्त, पण शास्त्रीय लावलं की तानपुरा पाठीमागून येतो आणि डग्गा नुसता घुमतो. वेगळा स्टिरिओ अँप घेऊ का?

सुरेल_पुणेरी: आधी रिसीव्हरचा (स्पीकर चालवणाऱ्या डब्याचा) मोड बघा हो, सराउंडमध्ये दोन चॅनेलचं गाणं पाच ठिकाणी वाटलं जातं म्हणून तानपुरा मागे जातो, साधा स्टिरिओ करा. डायरेक्ट मोड नको, बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्यात सबवूफर बंद होतो अन् छोटे स्पीकर अजूनच किरकिरतात. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ, स्पीकर अगदीच चिमुकले असतील तर १२०.

पेठेतला: सब कोपऱ्यात कोंबलाय ना? तिथेच घुमतं. समोरचे दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला. आणि त्या गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी टाका राव.

कोथरूडकर: मोड बदलला, तानपुरा पुढे आला! सब शोकेसमागे अडकलाय, तो आता दिवाळीच्या आवराआवरीतच हलणार.