मदत हवी आहे : ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून संगणक मध्येच बंद पडतो

खानापूर_स्टुडिओ
नमस्कार. खानापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओंचे काम लवकर उरकावे म्हणून आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले आणि तेव्हापासून संगणक काम चालू असतानाच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोज नव्याने टाकले, ड्रायव्हर बदलले, तरी काही फरक नाही. लग्नसराई ऐन भरात आहे आणि नंदगडच्या एका कुटुंबाला रविवारी व्हिडिओ द्यायचा आहे. कार्ड परत करावे की ठेवावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निपाणीकर
एवढ्या माहितीवर कार्डाला दोष देणे योग्य होणार नाही. विंडोजचा बिघाड दाखवणारा निळा पडदा येतो की पडदा एकदम काळा होतो? संगणक नुसता चालू असतानाही बंद पडतो, की फक्त व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, म्हणजे अंतिम फाइल तयार करताना? एसएमपीएस (संगणकातल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे, प्रोसेसर कोणता आहे, आणि कार्डासोबत आणखी काही बसवले आहे का?

टिळकवाडी_७
माझ्या अनुभवाने सांगतो, हा रॅमचाच दोष असणार. माझ्याकडे वेगवेगळ्या वेगाच्या दोन रॅम एकत्र लावल्यावर हेच होत होते. एक काढून पाहा.

जांबोटीचा_वाटसरू
वळिवाच्या दिवसांत आपल्या तालुक्यात वीज किती वेळा जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी डेस्कटॉप ठेवण्यापेक्षा चांगला लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूर_स्टुडिओ
लॅपटॉप घेण्याचा विचार नाही. प्रोसेसर आय५-१०४०० आहे. एसएमपीएस ४५० वॅटचा, म्हणजे पुरेसा आहे. पडदा काळा होतो, निळा नाही. आणि एक्स्पोर्टला लावले की थोड्याच वेळात बंद पडतो, एरवी दिवसभर नीट चालतो. रॅमही त्याच दिवशी ८ जीबीने वाढवली.

टिळकवाडी_७
पाहा, रॅम निघालीच.

निपाणीकर
रॅमची शंका मलाही आहे, पण रॅममध्ये बिघाड असता तर बहुतेक वेळा निळा पडदा दिसला असता आणि विंडोजच्या मिनीडम्प फोल्डरमध्ये बिघाडाच्या नोंदींच्या (डम्प) फाइली साठल्या असत्या. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद उघडून बगचेककोड (निळ्या पडद्याच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य आहे का ते पाहावे. ही नोंद कारण सांगत नाही, संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते. परंतु शून्य असेल आणि डम्प नसतील, तर आधी विजेच्या पुरवठ्याकडे वळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खोक्यावरच्या ४५० या आकड्यावर जाऊ नका. एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचून सांगा. आणि कार्डाच्या आठ पिनांच्या जोडाला केबल कोठून आणली आहे?

खानापूर_स्टुडिओ
बगचेककोड शून्य आहे आणि मिनीडम्प फोल्डर रिकामे आहे. लेबलवर १२ व्होल्टखाली १८ अँपिअर लिहिले आहे. एसएमपीएसला आठ पिनांची केबल नव्हती, म्हणून दुकानदाराने मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या जोडावरून) कन्व्हर्टर लावून दिला. आता बारकाईने पाहिले तर कन्व्हर्टरच्या एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळसर झाले आहे.

निपाणीकर
आता चित्र स्पष्ट झाले. बारा व्होल्ट गुणिले अठरा अँपिअर म्हणजे २१६ वॅट, एवढेच हा एसएमपीएस १२ व्होल्टवर देऊ शकतो. या कार्डालाच १७० वॅट लागतात. प्रोसेसरचे अधिकृत ६५ वॅट धरले तरी बेरीज २३५ होते, आणि एक्स्पोर्टच्या वेळी हा प्रोसेसर ६५ च्या बराच वर जातो. उत्पादक या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवतात तो याचसाठी. भार वाढला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. शिवाय मोलेक्सच्या एका जोडात १२ व्होल्टची एकच तार असते, तर आठ पिनांच्या जोडाला तशा तीन तारा लागतात. प्लास्टिक पिवळे पडले ते त्या पिनेवर आलेल्या भारामुळे. तो कन्व्हर्टर आजच काढावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

चिकोडी_हार्डवेअर
तोवर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज वापरण्याची मर्यादा) ६५ टक्क्यांवर आणून काम उरकता येईल. मी अनेकांना असे करून दिले आहे.

निपाणीकर
चांगला एसएमपीएस असता तर मान्य केले असते. प्लास्टिक तापल्याची खूण दिसत असताना त्यावर रात्रभर एक्स्पोर्ट लावणे धोक्याचे आहे, आणि त्याच डिस्कवर एखाद्या घरच्या लग्नाचे मूळ चित्रीकरण आहे. ते आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. यांच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ नाही, म्हणजे त्यात अंगचेच ग्राफिक्स आहे. कार्ड काढून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावावी आणि एक्स्पोर्टमध्ये इंटेल क्विक सिंक (याच अंगच्या ग्राफिक्सने व्हिडिओ तयार करण्याची सोय) निवडावे. वेळ जास्त लागेल, पण रविवार चुकणार नाही.

जांबोटीचा_वाटसरू
यूपीएस कोणता आहे, हे कोणीच विचारले नाही. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असेल तर त्यातून ३६० वॅटच्या आसपासच मिळतात. नवा एसएमपीएस घेतला तरी एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली की मॉनिटरसह सगळा भार त्यावर येईल.

खानापूर_स्टुडिओ
यूपीएस ६०० व्हीएचाच आहे. चित्रीकरण दुसऱ्या डिस्कवर उतरवले, कार्ड काढले आणि दोन्ही रॅम तशाच ठेवून एक्स्पोर्ट लावला. नंदगडचा संपूर्ण व्हिडिओ संगणक बंद न पडता तयार झाला. कार्ड परत करत नाही. उद्या बेळगावला जाऊन एसएमपीएस घेतो. किती वॅटचा घ्यावा?

टिळकवाडी_७
तरीही एक रात्र मेमटेस्ट हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर लावून रॅम तपासाच.

निपाणीकर
तपासणे चांगलेच. एसएमपीएस ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या मानांकनाचा आणि मूळचीच आठ पिनांची पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी) केबल असलेला घ्यावा. दुकानातच लेबलवर १२ व्होल्टखाली ५० अँपिअरच्या आसपास आकडा आहे का, ते पाहून मग पैसे द्यावेत. केबली सुट्या निघणाऱ्या असतील तर त्याच एसएमपीएससोबत आलेल्या वापराव्यात. दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसली तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात कार्ड जळते. बिल मात्र जीएसटीचे घ्यावे, वॉरंटीला तेच लागते.