मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि प्रवासाचे खरे तास किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई पहिल्यांदाच एकटी विमानाने ताईकडे न्यूयॉर्कला निघाली आहे. काचबिंदूमुळे तिला सकाळ-संध्याकाळी आठला, बरोबर बारा तासांनी, डोळ्यांत थेंब घालावे लागतात. म्हणून हा हिशोब चुकून चालणार नाही.

तिकिटावर मुंबईहून रात्री 1 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7 ला पोहोच असं आहे. आई म्हणाली, "सहाच तास? मग बरंय!" पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. बरोबर ना?

अंतरासाठी मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला. विषुववृत्ताला 94 सेंमी दोरा लागला आणि या दोन शहरांमध्ये साडेएकोणतीस. परीघ 40,075 किमी धरून अंतर साधारण 12,500 किमी आलं. नकाशात सरळ पश्चिमेला वाटणारा रस्ता दोऱ्यावर मात्र रशिया, स्वीडन, आइसलँडवरून गेला! विमानं खरंच तशी जातात का?

ताशी 900 किमीने चौदाच तास होतात. वरचा दीड तास समोरच्या वाऱ्याचा आणि धावपट्टीवरचा धरायचा का? परतीला वारा पाठीशी असल्याने वेळ किती वाचतो?

माझ्या हिशोबाने एकदा थेंब विमानातच, नंतरचे तिथल्या सकाळी साडेदहाला. आईवडिलांना असं पाठवलेल्या कुणी हे ताडून सांगाल का? थेंबांची वेळ पुढे कशी सरकवायची ते डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्याआधी तास पक्के हवेत.