मळीवरच्या बॅसिलसचं उत्पादन चौपट. खरं मानू का?

शिरोळची_लेक:
नमस्कार. मी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजमागच्या तेलकट मातीतून बॅसिलस सबटिलिस वेगळा केला. २ टक्के ग्लुकोजवर तो छान सरफॅक्टिन (साबणासारखा, पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) देतो. जंतूच्या पेशी काढून टाकलेल्या द्रावाचा एक थेंब पाण्यावरच्या तेलाच्या थरात सोडला की ५ सेंटीमीटरचं स्वच्छ वर्तुळ पडतं; सरफॅक्टिन जास्त तर वर्तुळ मोठं. ग्लुकोज परवडत नाही म्हणून उसाची मळी घेतली, ४ टक्के. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे मळीवरच काम व्हावं ही माझी फार इच्छा आहे.

सरफॅक्टिन खाली बसावं म्हणून तो द्राव आम्लानं पीएच २ वर आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. ग्लुकोजवर लिटरला ०.६ ग्रॅम पांढरट गाळ मिळाला होता, मळीवर २.३ ग्रॅम चिकट, तपकिरी. गाईड खूश आहेत. पण तेलातलं वर्तुळ जेमतेम ४ सेंटीमीटर! प्रबंधात २.३ लिहायला हात धजत नाही.

दूधवाला_केमिस्ट:
मळी सोडा, पनीरची निवळी वापरा. डेअरीत फुकट मिळते.

फर्मेंटर_काका:
लेकी, हात धजत नाही तेच बरोबर आहे. पीएच २ ला सरफॅक्टिन खाली बसतं, पण त्याच्यासोबत प्रथिनं आणि मळीतले मेलॅनॉइडिनसारखे रंगही बसतात. तू बहुतेक रंगच तोललास. जंतू न घातलेलं मळीचं माध्यम त्याच फ्लास्कात, तितकेच तास शेकरवर ठेव आणि त्यालाही आम्ल घाल. पृष्ठताणही त्या कोऱ्या माध्यमाशीच ताडून बघ. शुद्ध पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सरफॅक्टिन तो २७ पर्यंत आणतं, पण मळी स्वतःही तो थोडा खाली ओढते.

दुसरं, गाळ वाळवून मिथेनॉलमध्ये घोळव. सरफॅक्टिन विरघळतं, क्षार आणि बरीचशी प्रथिनं मागे राहतात. रंग थोडा येईलच.

मळी आधी साफ केलीस का? दुप्पट पाण्यात पातळ कर, सल्फ्युरिक आम्लानं पीएच ३ कर, गरम करून रात्रभर निवळू दे. तळाशी जो राखाडी चिखल बसतो तो पाहिलास की कळेल आपण जंतूला काय पाजत होतो. वरचं पाणी घेऊन पीएच ७ वर आण.

आणि फेस! कापसाचा बोळा ओला होतोय का? सरफॅक्टिन फेसाबरोबर वर चढतं. बोळ्यात गेलेला माल तुझ्या हिशोबात येतच नाही. २५० मिलीच्या फ्लास्कात ५० च्या वर भरू नकोस. अँटिफोम घालू नकोस, त्यानं पृष्ठताणाचं मोजमाप बिघडतं.

निवळीबद्दल: तिच्यातली साखर लॅक्टोज आहे आणि सबटिलिसला ती नीट पचत नाही. स्वस्त आहे एवढ्यावर कार्बन निवडू नये, आपल्या जंतूला काय खाता येतं ते आधी बघावं.

प्रयोगवेडा:
मग स्यूडोमोनास एरुजिनोसा घ्या ना. वडापाववाल्याच्या जळक्या तेलावर ऱ्हॅम्नोलिपिड देतो, तेही सरफॅक्टिनसारखंच पृष्ठताण कमी करतं.

फर्मेंटर_काका:
देतो, आणि तेलावर चांगलं देतो, नायट्रोजन संपत आला की जास्तच. पण तो माणसाला, विशेषतः भाजलेल्या रुग्णाला, गाठणारा जंतू आहे. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत लिटर-लिटर वाढवायला मी कुणालाच सांगणार नाही. पोरीच्या हातात सुरक्षित जंतू आहे, तोच राहू दे.

शिरोळची_लेक:
काका, बारा दिवसांनी लिहितेय. कोऱ्या मळीतून ०.९ ग्रॅम गाळ आला, एकही जंतू नसताना! मळी साफ करून, गाळ मिथेनॉलमधून काढून परत केलं: लिटरला ०.४ ग्रॅम. ग्लुकोजचा गाळही मिथेनॉलमधून काढला, तो ०.५ झाला. मळीचं वर्तुळ आता ४.८ सेंटीमीटर. बोळा खरंच ओला होत होता. गाईडना तिन्ही फ्लास्कचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी २.३ स्वतःच्या हातानं खोडला. आता मिथेनॉलचा खर्च धरून मळी खरंच स्वस्त पडते का, ते मांडायला बसलेय.